गरोदर बाईवर औषधाची चाचणी नको म्हणणं सोपं आहे, पण मग तिला औषध द्यायचं कशाच्या भरवशावर?

बाळंतपणानंतर किती रक्त गेलं की ते 'जास्त' म्हणायचं?

इतकी वर्षं पुस्तकी उत्तर ठरलेलं होतं : 500 मिलिलीटर, म्हणजे अर्धा लिटर. ऑक्टोबर 2025 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने यावर नवी मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. त्यानुसार 300 मिलिलीटर रक्त गेलं असेल आणि सोबत नाडी किंवा रक्तदाब बिघडलेला दिसत असेल, तर अर्धा लिटर होण्याची वाट बघत बसायचं नाही, लगेच उपचार सुरू करायचे. आणि रक्त नजरेच्या अंदाजानं मोजायचं नाही. बाईच्या खाली प्लास्टिकचं एक कापड अंथरायचं, त्याला खाली पिशवी असते आणि पिशवीवर मापाच्या रेघा असतात. रेघ बघायची आणि कामाला लागायचं.

ही बातमी मोबाईलवर आली आणि गेली. पण या पिशवीची गोष्ट आपल्या फार जवळची आहे.

2000 नंतरच्या काही वर्षांत बेळगावातल्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांनी अमेरिकेतल्या सहकाऱ्यांबरोबर अशी मापाची पिशवी बनवून वापरली होती. तिथल्या 123 बायकांवर एक साधा अभ्यास झाला. निम्म्या बायकांचं रक्त पिशवीत मोजलं, निम्म्यांचं नेहमीसारखं नजरेनं. नजरेचा अंदाज पिशवीपेक्षा सुमारे 33 टक्क्यांनी कमी निघाला. म्हणजे 'ठीक आहे, फार नाही गेलं' असं जिथे वाटत होतं तिथे खरं तर बरंच गेलेलं असायचं.

त्याच भागात 2002 ते 2005 दरम्यान आणखी मोठी चाचणी झाली. चार प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या हद्दीतल्या 1,620 बायका, घरी किंवा उपकेंद्रात होणारी बाळंतपणं, आणि सोबतीला फक्त नर्सबाई. बाळ बाहेर आल्यावर निम्म्या बायकांना मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या दिल्या, निम्म्यांना दिसायला तशाच पण औषध नसलेल्या. औषध नसलेल्या गटात 12 टक्के बायकांना जास्त रक्तस्राव झाला, गोळी मिळालेल्या गटात 6.4 टक्के. गंभीर रक्तस्राव 1.2 टक्क्यांवरून 0.2 टक्क्यांवर आला. काही बायकांना थंडी वाजली, ताप आला, पण तो उतरला. 2011 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बाळंतपणातला रक्तस्राव टाळण्यासाठी ही गोळी अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली. त्यामागे बेळगावच्या या चाचणीचा मोठा वाटा होता.

आता नकाशात थोडं वर या. मावळातलं भाजे. लेण्यांच्या पायथ्याचं गाव, मळवली स्टेशन हाकेच्या अंतरावर, एक्स्प्रेस-वे नजरेच्या टप्प्यात. लांबून बघणाऱ्याला वाटेल, इथे कसली अडचण? पण लोहगड-विसापूरच्या अंगाला असलेल्या वस्तीवरून पावसाळ्यातल्या एखाद्या रविवारी, धबधब्यासाठी आलेल्या गाड्यांच्या रांगेतून बाळंतीण बाईला खाली आणायचं असेल तर घड्याळ वेगळं चालतं. इंजेक्शन थंड जागेत ठेवावं लागतं आणि ते द्यायला शिकलेला हात लागतो. गोळी पिशवीत घेऊन चालत जाता येतं. बेळगावच्या बायकांनी ती गोळी तपासून दिली ती अशाच गावांसाठी.

मग प्रश्न येतो तो त्या 808 बायकांचा, ज्यांना औषध नसलेली गोळी मिळाली.

तुलनेच्या गटातली बाई

कुठल्याही चाचणीत एक गट औषध घेणारा आणि एक तुलनेचा लागतो. त्याशिवाय फरक औषधामुळे पडला की आपोआप, हे कळत नाही. बेळगावच्या संशोधकांचं म्हणणं होतं की त्या गावांत बाळंतपणानंतर रक्तस्राव टाळण्यासाठी कुठलंच औषध देण्याची पद्धत नव्हती, त्यामुळे तुलनेच्या गटातल्या बाईचं काही काढून घेतलं नाही. उलट जास्त रक्त गेलं की तिला लगेच वरच्या दवाखान्यात हलवण्याची सोय केली. हे खरंच आहे. पण शहरातल्या दवाखान्यात रक्तस्राव टाळण्याचं इंजेक्शन तेव्हाही मिळत होतं, हेही खरं आहे. 'गावात सोय नव्हती' हे कारण चाचणीला पुरतं का, यावर डॉक्टरांमध्येच दोन मतं आहेत.

याच कारणावरून महाराष्ट्रातल्या एका अभ्यासावर त्याहून मोठा वाद झाला. तेव्हाचा उस्मानाबाद, आजचा धाराशिव जिल्हा. बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल, मुंबईचं टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी 1999 पासून 30 ते 59 वयाच्या 1,31,746 निरोगी बायकांवर अभ्यास केला. गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरसाठी कोणती तपासणी उपयोगी, हे बघायचं होतं. चार गट केले. तीन गटांना तीन वेगवेगळ्या तपासण्या मिळाल्या. चौथ्या गटातल्या 31,488 बायकांना कॅन्सरची माहिती दिली, तपासणी हवी असेल तर कुठे मिळेल तेही सांगितलं, पण अभ्यासातून तपासणी केली नाही. 2009 मध्ये निकाल आला. एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीच्या गटात या कॅन्सरने 34 मृत्यू, तपासणी न झालेल्या गटात 64.

आज जग या कॅन्सरसाठी एचपीव्ही तपासणीकडे वळलंय, त्याच्या पायाशी धाराशिवच्या बायकांचा हा आकडा आहे. पण 64 हाही आकडाच आहे. पॅप तपासणीने हा कॅन्सर वेळीच सापडतो हे जगाला तेव्हा काही दशकं माहीत होतं. संशोधकांचं उत्तर बेळगावसारखंच होतं : भारतात अशी सरसकट तपासणी होतच नव्हती. मला हे उत्तर अर्धं पटतं. सरकारी यंत्रणेत एखादी गोष्ट मिळत नाही, याचा दोष संशोधकाचा नाही. पण तुमच्या हातात तपासणीचं साहित्य आहे, गाडी गावात उभी आहे आणि पलीकडच्या गावाला ते द्यायचं नाही असं चिठ्ठी टाकून ठरतं, तेव्हा 'नाहीतरी तिला मिळणारच नव्हतं' हे वाक्य बोलायला सोपं असलं तरी ऐकायला जड जातं.

अशा गोष्टी वाचल्या की पहिली प्रतिक्रिया येते ती 'मग बायकांवर, त्यातही गरोदर बायकांवर, प्रयोगच करू नका'. सोशल मीडियावर कुठल्याही चाचणीच्या बातमीखाली हेच असतं : 'आमच्या आयाबहिणी उंदीर आहेत का?' राग समजण्यासारखा आहे. पण प्रयोग बंद केले तर काय होतं, तेही बघू. ते आपण अलीकडेच बघितलंय.

जानेवारी ते जुलै 2021

16 जानेवारी 2021 ला देशात कोविडची लस सुरू झाली. गरोदर बायकांना ती नव्हती, कारण चाचण्यांमध्ये त्यांना घेतलंच नव्हतं. घेतलं नव्हतं म्हणून माहिती नव्हती, माहिती नव्हती म्हणून परवानगी नव्हती. स्तनदा मातांना मे महिन्यात मुभा मिळाली आणि गरोदर बायकांना 2 जुलैला. मधल्या काळात दुसरी लाट येऊन गेली होती.

त्या लाटेत काय झालं, याची नोंद आपल्याकडे आहे. परळची राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्था आणि राज्यातली सरकारी मेडिकल कॉलेजं यांनी मिळून कोविड झालेल्या गरोदर बायकांची नोंदवही ठेवली होती. मुंबईच्या नायर रुग्णालयात पहिल्या लाटेत अशा 1,143 बायकांपैकी 8 दगावल्या, म्हणजे 0.7 टक्के. दुसऱ्या लाटेत 387 पैकी 22, म्हणजे 5.7 टक्के. लस आधी मिळाली असती तर यातल्या किती वाचल्या असत्या, हे कुणी सांगू शकत नाही. जानेवारीत लस सगळ्यांनाच मिळत नव्हती, हेही आहे. पण ज्या गरोदर नर्स आणि आशाताई पहिल्या रांगेत होत्या, त्यांना रांगेतून बाजूला केलं ते कागदावर त्यांच्या 'सुरक्षिततेसाठी'.

ही सवय जुनी आहे. 1950 च्या दशकाच्या शेवटी युरोपात गरोदरपणातल्या उलट्यांवर थॅलिडोमाइड नावाचं औषध विकलं गेलं आणि हजारो मुलं अपुऱ्या हातापायांची जन्मली. त्यानंतर जगाने धसका घेतला. 1977 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मूल होऊ शकेल अशा वयाच्या बायकांना सुरुवातीच्या चाचण्यांतून वगळा असं सांगितलं, ते 1993 मध्ये मागे घेतलं. गंमत बघा, थॅलिडोमाइड गरोदर बायकांवर नीट तपासलं गेलं नव्हतं म्हणून तो घोटाळा झाला. आणि त्यातून धडा घेतला गेला तो त्यांच्यावर तपासूच नका असा.

ससूनशी जोडलेली एक चाचणी

पुण्याचं एक उदाहरण मला या सगळ्यात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. त्याची मराठीत फारशी चर्चा झाली नाही.

एचआयव्ही असलेल्या माणसाला टीबी लवकर गाठतो. म्हणून टीबी होण्याआधीच आयसोनियाझिडची गोळी काही महिने द्यावी, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला होता आणि त्यातून गरोदर बायकांना वगळलेलं नव्हतं. म्हणजे औषध देणं चालू होतं. पण एचआयव्हीची औषधं घेणाऱ्या गरोदर बाईला ही गोळी सोसते का, याची चिठ्ठी टाकून केलेली चाचणी झालेली नव्हती.

ती झाली, आठ देशांत, 956 एचआयव्हीबाधित गरोदर बायकांवर. भारतातलं केंद्र होतं पुण्याचं बी. जे. मेडिकल कॉलेज, म्हणजे आपल्या ओळखीचं ससून. निम्म्या बायकांना गोळी गरोदरपणातच सुरू केली, निम्म्यांना बाळंतपणानंतर 12 आठवड्यांनी. दोन्ही गटांना गोळी मिळणार होतीच, फरक फक्त वेळेचा. तुलनेच्या गटाला वाऱ्यावर न सोडताही चाचणी करता येते, ती अशी.

2019 मध्ये निकाल आला तेव्हा अनेकांच्या भुवया उंचावल्या. गर्भ किंवा बाळ दगावणं, दिवसाआधी जन्म, कमी वजन, जन्मजात व्यंग, यातलं काहीतरी झालेल्यांचं प्रमाण गरोदरपणात गोळी घेतलेल्या गटात 23.6 टक्के निघालं. नंतर घेतलेल्या गटात 17 टक्के. आणि टीबी? दोन्ही गटांत सारखाच, आणि कमी.

यावरून 'ही गोळी विष आहे' असा निष्कर्ष काढू नका. दुसऱ्या काही निरीक्षणांमध्ये असा धोका दिसला नाही आणि जागतिक आरोग्य संघटनेनेही गोळी सरसकट बंद करा असं म्हटलेलं नाही. कुणाची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नये. सांगायचं आहे ते वेगळं : धोका आधीपासून होता की नव्हता, हे चाचणीशिवाय कुणाला कळणारच नव्हतं. गावोगावच्या दवाखान्यांत गोळी दिली जात राहिली असती, एखादं बाळ आठव्या महिन्यात जन्मलं असतं आणि घरचे म्हणाले असते, 'नशीब'. चाचणीत निदान प्रत्येक बाळाची नोंद होत होती, ठरावीक दिवशी तपासणी होत होती आणि आकडे दुसरं कुणीतरी तपासत होतं. चाचणीबाहेरची बाईही प्रयोगातच असते. फक्त तिच्या प्रयोगाची वही कुणी ठेवत नाही.

गोळी न देता केलेलं संशोधन

सगळं संशोधन म्हणजे औषधाची चाचणी नव्हे. भाज्याच्या एका बाजूला मुंबई आणि दुसऱ्या बाजूला पुणे आहे, आणि दोन्हीकडे गरोदर बायकांच्या खाण्यावर जगाने दखल घ्यावी असं काम झालंय.

1993 मध्ये पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्यापासून 40-50 किलोमीटरवरची, शेतीवर जगणारी सहा गावं निवडली. कार्यकर्त्या दर महिन्याला घरोघर जाऊन लग्न झालेल्या बायकांच्या पाळीची तारीख लिहून घ्यायच्या. ज्या काळात पाळीबद्दल घरातही कुजबुजत बोललं जायचं त्या काळात हे चाललं होतं. त्यातून 800 च्या आसपास गरोदर बायकांची नोंद झाली. त्या काय खातात, किती काम करतात, रक्तात काय आहे, बाळ केवढं होतं, सगळं.

बायका हडकुळ्या होत्या, वजन सरासरी 42 किलोच्या आसपास. बाळं सरासरी 2.7 किलोची. इंग्लंडमधली बाळं साडेतीन किलोची असायची. पण आपली बाळं नुसती लहान नव्हती. स्नायू कमी, पोट लहान, आणि चरबी मात्र त्या मानाने टिकून. बारीक दिसणारं पण आतून 'जाड' बाळ. मोठेपणी भारतीय माणसाला कमी वजनातही मधुमेह का होतो, याचा एक धागा इथे सापडला. आघारकर संशोधन संस्थेच्या डॉ. शोभा राव यांनी याच बायकांच्या आहाराचा अभ्यास करून दाखवलं की ज्या हिरव्या पालेभाज्या, फळं, दूध जास्त वेळा खायच्या त्यांची बाळं मोठी होती. आणि शेतात-घरात जास्त कष्ट करणाऱ्या बायकांची बाळं लहान. 'बाळंतपण होईपर्यंत काम करत राहिलं की डिलिव्हरी सोपी होते' हे सासूबाईंचं वाक्य इथे जरा अडखळतं.

पुढे आणखी एक गोष्ट दिसली. यातल्या दोन तृतीयांश बायकांच्या रक्तात बी-12 कमी होतं. फॉलिक ॲसिड मात्र जवळजवळ सगळ्यांमध्ये पुरेसं होतं. ज्या आयांमध्ये बी-12 कमी आणि फॉलिक ॲसिड जास्त, त्यांच्या मुलांच्या शरीरात सहाव्या वर्षीच मधुमेहाकडे नेणारी लक्षणं जास्त होती. आरोग्य केंद्रात मिळणाऱ्या गोळीत लोह असतं, फॉलिक ॲसिड असतं, बी-12 नसतं. म्हणून ती गोळी सोडायची? अजिबात नाही. बाळाच्या मणक्याचं व्यंग टाळायला फॉलिक ॲसिड लागतं, हे 1991 च्या ब्रिटनमधल्या चाचणीने पक्कं केलंय, आणि लोहाची गरज तर सरकारी पाहणीतच दिसते : 2019-21 मध्ये महाराष्ट्रातल्या 45.7 टक्के गरोदर बायकांमध्ये रक्त कमी होतं. पुण्याचा अभ्यास निरीक्षणाचा होता. दोन गोष्टी सोबत दिसल्या, एवढंच त्यातून कळतं. एकीमुळेच दुसरी झाली का, हे बघायला चाचणी लागते.

ती 2012 मध्ये त्याच गावांत सुरू झाली. 1990 च्या दशकात जन्मलेली ती बाळं आता सतरा-अठरा वर्षांची झाली होती. त्यांनाच, मुलींना आणि मुलांनाही, रोज थोडं बी-12 द्यायचं आणि पुढे त्यांची बाळं कशी होतात ते बघायचं. आईच्या पोटात असताना अभ्यासात आलेली मुलगी स्वतः आई होईपर्यंत अभ्यासात राहिली. बी-12 घेतलेल्या मुलींच्या बाळांच्या नाळेच्या रक्तातही ते जास्त सापडलं.

मुंबईत 2006 ते 2012 मध्ये झोपडपट्टीतल्या 6,513 बायकांना रोज एक खाऊ दिला गेला. निम्म्यांच्या खाऊत पालेभाजी, फळं, दूध, निम्म्यांच्या खाऊत बटाटा-कांद्यासारखं साधं. बाळांच्या वजनात एकूण फरक पडला नाही. दिवस जाण्याच्या तीन महिने आधीपासून खाणाऱ्यांमध्ये मात्र बाळाचं वजन सरासरी 48 ग्रॅमने वाढलं, आणि गरोदरपणातल्या मधुमेहाचं प्रमाण 12.4 वरून 7.3 टक्क्यांवर आलं. चांगलंचुंगलं खायला घालायची आपली धावपळ डोहाळे लागल्यावर सुरू होते, तोवर थोडा उशीर झालेला असतो.

उद्या तुमच्या दारात कुणी फॉर्म घेऊन आलं तर?

2019 पासून देशात नव्या औषधांच्या आणि चाचण्यांच्या नियमांचा कायदा आहे. त्यानुसार नीतिसमितीच्या मंजुरीशिवाय औषधाची चाचणी करता येत नाही, आणि त्या समितीत एक बाई आणि डॉक्टर नसलेला सामान्य माणूस असावाच लागतो. चाचणीत सामील झालेल्याला इजा झाली तर उपचार फुकट आणि चाचणीमुळे झाली असेल तर भरपाई. फार कमी लोकांना माहीत असलेला एक मुद्दा यात आहे : आई किंवा वडील चाचणीत असल्यामुळे पोटातल्या बाळाला इजा झाली, तर तीही चाचणीतली इजाच धरली जाते.

हे नियम कडक होण्यामागे एक कटू प्रकरण आहे. 2009-10 मध्ये आंध्र आणि गुजरातमध्ये हजारो मुलींना एचपीव्हीची लस अभ्यास म्हणून दिली, आणि आंध्रात कित्येक मुलींच्या संमतीच्या कागदावर आईवडिलांऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डनची सही होती. एप्रिल 2010 मध्ये तो प्रकल्प थांबवावा लागला. 2013 च्या संसदीय समितीच्या अहवालात त्यावर कडक ताशेरे आहेत.

म्हणून फॉर्म हातात आला की घाईत सही करायची नाही. तो मराठीत मागायचा, घरी न्यायचा, शिकलेल्या पोरीकडून वाचून घ्यायचा. मला काय मिळणार आणि दुसऱ्या गटाला काय मिळणार, हे विचारायचं. रात्री बारा वाजता त्रास झाला तर फोन कुणाला करायचा, गाडी कोण देणार, हे नावानिशी लिहून घ्यायचं. मधूनच बाहेर पडले तर आरोग्य केंद्रातली नेहमीची तपासणी बंद होणार का, हेही विचारायचं, आणि उत्तर 'नाही' असंच यायला हवं. निकाल काय लागला ते आम्हाला गावात येऊन सांगणार का, हा प्रश्न तर कुणी विचारतच नाही. सही बाईची हवी. नवऱ्याला, सासूला विचारणं वेगळं, त्यांनी तिच्याऐवजी अंगठा उठवणं वेगळं.

चाचणी खरोखर नोंदलेली आहे का, हे सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत कुणालाही फुकट बघता येतं. 15 जून 2009 पासून औषधाच्या प्रत्येक चाचणीची नोंद तिथे सक्तीची आहे. कोणत्या दवाखान्यात, किती बायकांवर, कुणाच्या पैशाने, सगळं तिथे लिहिलेलं असतं, पण इंग्रजीत.